भीतीची गोष्ट आणि गोष्टीची भीती

काही वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. ती कबूल केल्याशिवाय या विषयावर पुढे काही लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०१७ च्या पावसाळ्यात ‘ब्लू व्हेल’ नावाच्या जीवघेण्या खेळाची बातमी घरोघरी पोचली होती. त्यानंतरच्या ईदच्या अंकासाठी आमच्याकडे एक कथा आली. दहावीतला एक मुलगा मित्रांबरोबर गच्चीवर बसून कसलातरी परदेशी खेळ खेळतो. राक्षस आणि जादूगारांच्या दुनियेत तो हरवत जातो. अभ्यास सुटतो, नमाज सुटते, त्याला आवाज ऐकू येऊ लागतात आणि शेवटी त्याच गच्चीवरून तो उडी घेतो. कथा ओघवती होती. शेवट वाचून आमच्यातल्या दोघांचे डोळे भरून आले. प्रत्येक आईबापाने वाचावी अशी कथा, असे म्हणून आम्ही ती छापली.

अंक निघाल्यावर महिन्याभराने एक बाई भेटायला आल्या. त्या कथालेखकाच्याच मोहल्ल्यातल्या. त्यांच्या गच्चीवर चार मुले खरोखरच असा खेळ खेळत असत. नियम इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, नकाशे वहीत काढलेले, विशिष्ट फासे मिळाले नाहीत म्हणून आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काम भागवलेले. कथेत मुलाचे नाव बदललेले होते. पण गच्ची तीच, पाण्याची टाकी तीच, जिन्याचा निळा दरवाजा तोच आणि मुलाचे अडखळत बोलणेही तेच. बाई भांडायला आल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, “भाईजान, तुमच्या गोष्टीतला पोरगा मरतो. माझा रोज शाळेत जातोय. आता शाळेतली पोरं त्याला विचारतात, तू कधी उडी मारणार?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. कथा ही कथा असते, ती कोणा एकाची नसते, असे काहीतरी आम्ही पुटपुटलो. बाईंनी चहाही घेतला नाही. नंतर कळले की मुलाची वही त्याच्या वालिदांनी कपाटात कुलूपबंद करून टाकली आणि त्या चार मुलांचे एकमेकांकडे जाणे-येणे बंद झाले.

आपण केले ते नवे नव्हते, हे आम्हाला पुढे वाचताना कळले. हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत चाळीस वर्षांपूर्वी होऊन गेलेली आहे. तिची हकीकत आपल्या लेखकांनी नीट समजून घ्यावी असे आम्हाला वाटते, कारण त्या हकीकतीत मुख्य गुन्हेगार म्हणून ज्याला उभे केले तो खेळ होता आणि ज्याची कोणी उलटतपासणीच केली नाही तो कादंबरीकार होता.

आधी खेळाविषयी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून तो विकला जाऊ लागला. पहिल्या खेपेला छापल्या होत्या हजार प्रती. या खेळाला पट लागतोच असे नाही, पत्ते तर नाहीतच. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो : तुम्ही एका ओसाड किल्ल्याच्या दाराशी उभे आहात, आतून पाण्याचा आवाज येतो आहे, काय कराल? बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. प्रत्येकजण आपले पात्र काय करील ते सांगतो आणि ते साधले की फसले हे फासे ठरवतात. खेळ एका बैठकीत संपत नाही. महिनोन् महिने चालतो. त्यात एकट्याने जिंकायचे नसते, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची असते.

आता १९७९. मिशिगन राज्यातल्या एका विद्यापीठात सोळा वर्षांचा एक मुलगा शिकत होता. फार हुशार, म्हणून वयाच्या मानाने फार लवकर तिथे पोचलेला. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो वसतिगृहातून नाहीसा झाला. त्याचे नाव पुस्तकांतून छापलेले आहे, पण आम्ही ते इथे लिहीत नाही. त्या नावाचा वापर पुरेसा होऊन गेला आहे. घरच्यांनी टेक्सासहून विल्यम डिअर नावाचा खासगी गुप्तहेर बोलावला. मुलगा तो नवा खेळ खेळत असे आणि विद्यापीठाच्या इमारतींखाली वाफेच्या नळांचे बोगदे होते, या दोन गोष्टी डिअर यांनी जोडल्या. मुलगा खेळ खरा समजून बोगद्यांत हरवला असावा, असा तर्क वर्तमानपत्रांपुढे गेला. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते? देशभर मथळे झळकले. तोवर ज्यांनी या खेळाचे नावही ऐकले नव्हते त्यांना ते पहिल्यांदा कळले ते एका भीषण गोष्टीच्या रूपाने.

सुमारे महिन्याभरात मुलगा लुइझियाना राज्यात जिवंत सापडला. खरी हकीकत अगदी साधी आणि म्हणूनच जास्त दुःखद होती. तो बोगद्यात गेला होता, पण खेळायला नव्हे. त्याला जगायचे नव्हते. त्यातून तो वाचला, ओळखीच्यांकडे लपून राहिला, मग दूर निघून गेला. वयाने मोठ्या मुलांत एकटे पडणे, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे, नैराश्य, अमली पदार्थ, स्वतःच्या लैंगिक ओळखीविषयीची घालमेल, अशा कितीतरी गोष्टींनी तो पोखरला गेला होता. पुढच्या वर्षी, १९८० च्या ऑगस्टमध्ये, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. डिअर यांनी ही सगळी हकीकत लिहून प्रसिद्ध केली ती १९८४ साली. मधली पाच वर्षे मैदान मोकळे होते.

त्या मोकळ्या मैदानात कादंबरी उतरली. रोना जॅफी ही काही अनोळखी लेखिका नव्हती. १९५८ च्या तिच्या पहिल्याच कादंबरीने तिचे नाव झाले होते. १९८१ साली तिची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ आली. एका विद्यापीठातली चार मुले असाच एक खेळ खेळतात. त्यांतला रॉबी नावाचा मुलगा आपल्या पात्रात इतका मिसळतो की परत येत नाही. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीने त्यावर चित्रपट दाखवला. रॉबी झाला होता टॉम हँक्स, तेव्हाचा अगदी कोवळा नट. न्यूयॉर्कच्या उंच मनोऱ्यावरून उडी घ्यायला तो निघतो, मित्र त्याला अडवतात आणि शेवटी तो कायमचा भ्रमात राहतो. त्याच १९८१ साली जॉन कॉइन यांची ‘हॉबगॉब्लिन’ ही याच धाटणीची दुसरी कादंबरीही बाजारात आली होती.

न्यायाने सांगायचे तर जॅफीच्या रॉबीला घरचे दुःख आहे. त्याचा थोरला भाऊ नाहीसा झालेला आहे. म्हणजे लेखिकेला खरे कारण कुठे असते याची जाणीव नव्हती असे नाही. पण गोष्टीची बांधणीच अशी की दुःख कोपऱ्यात जाते आणि खेळ मध्यभागी येतो. वाचणाऱ्याच्या, पाहणाऱ्याच्या लक्षात काय राहिले? खेळ खेळला, वेड लागले. ज्याच्या नाहीसे होण्यावरून ही गोष्ट सुचली तो मुलगा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याचा एकटेपणा, त्याचे मौन, वेळीच कोणीतरी त्याला विचारायला हवे होते तो प्रश्न, या सगळ्यावर एका सोयीच्या गोष्टीचे झाकण बसले. आम्ही याला दुसऱ्यांदा दफन करणे म्हणतो.

यावर आमचे काही लेखकमित्र उसळून म्हणतील, ‘कथा म्हणजे पोलिसांचा पंचनामा नव्हे. लेखकाला कुठूनही सुचू शकते.’ मान्य आहे. सुचायला बंदी घालावी असे आम्ही म्हणत नाही. जॅफीची कादंबरी छापायला नको होती असेही म्हणत नाही. पुस्तकावर बंदी घालणाऱ्यांच्या रांगेत आम्हाला उभे राहायचे नाही, ती रांग आधीच फार लांब आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. अफवा ही देखील एक गोष्टच असते. तिला पात्रे असतात, खलनायक असतो, शेवट असतो. लेखक जेव्हा ती जशीच्या तशी उचलतो तेव्हा तो सर्जन करत नाही, नक्कल करतो. आणि या नकलेवर साहित्याचा शिक्का बसला की ती अफवेपेक्षा जास्त टिकते. अफवा चार महिन्यांत विरते. कादंबरी ग्रंथालयात राहते, चित्रपट पुन्हा पुन्हा दाखवला जातो.

पुढे काय झाले ते पाहा. १९८२ साली व्हर्जिनिया राज्यात पॅट्रिशिया पुलिंग या आईचा मुलगा गेला. शाळेत खेळल्या जाणाऱ्या या खेळात त्याच्या पात्राला शाप मिळाला आणि त्या शापाने तो गेला, अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी शाळेच्या मुख्याध्यापकांवर दावा लावला, न्यायालयाने तो फेटाळला. आईच्या दुःखाची आम्ही चेष्टा करणार नाही. पोटचा मुलगा गेल्यावर माणूस कुठेही कारण शोधतो. पण १९८३ मध्ये त्यांनी या खेळाविरुद्ध संघटना काढली. तिच्या नावाची आद्याक्षरे मिळून ‘बॅड’ असा शब्द होई. तिची पत्रके शाळांत गेली, चर्चमध्ये गेली, पोलिसांच्या प्रशिक्षणातही गेली. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या नावाजलेल्या दूरदर्शन कार्यक्रमात खेळाचा कर्ता गायगॅक्स आणि या बाई, दोघांच्याही मुलाखती दाखवल्या गेल्या. एकीकडे शोकाकुल आई, दुसरीकडे दाढीवाला खेळविक्या. प्रेक्षक कोणाच्या बाजूने झुकणार हे वेगळे सांगायला नको.

या चळवळीचा हिशेब कसा चाले याचा एकच नमुना देतो. रिचमंड शहराची ८ टक्के वस्ती सैतानपूजक आहे, असे पुलिंगबाईंनी एका पत्रकाराला सांगितले. हा आकडा कुठून आला? तरुण मुलांत ४ टक्के आणि मोठ्यांत ४ टक्के, दोन्हींची बेरीज ८! आमच्या शाळेतला सातवीचा पोरगाही सांगेल की अशी बेरीज होत नाही, एकंदर टक्केवारी ४ च राहते. ही चूक दाखवून दिल्यावरही बाई मागे हटल्या नाहीत. हे सगळे मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० च्या आपल्या अहवालात नोंदवले आहे. स्टॅकपोल स्वतः खेळ रचणारे, म्हणजे त्यांचा हितसंबंध होता हे खरे. पण त्यांचा मुद्दा कोणीही तपासून पाहावा असा सरळ होता. लाखो तरुण जो खेळ खेळतात, त्यांच्यातले काही दुर्दैवाने आत्महत्या करणारच, कारण त्या वयाच्या मुलांत तसे प्रमाण आहेच. प्रश्न असा की खेळणाऱ्यांत ते इतरांहून जास्त आहे का? विरोधकांनीच गोळा केलेली प्रकरणे मोजली तर ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी भरत होती.

हाच हिशेब गोष्टीत शिरला की आणखी भयानक होतो. जॅक चिक नावाच्या धर्मप्रचारक चित्रकाराने १९८४ मध्ये ‘डार्क डंजन्स’ ही चित्रपुस्तिका काढली. खेळातले पात्र मरते म्हणून एक मुलगी जीव देते, दुसरी पश्चात्ताप करते आणि शेवटी पुस्तकांची होळी होते. असल्या पुस्तिका फुकट वाटल्या जात. ज्याने कादंबरी वाचली नाही त्याने चित्रपट पाहिला, ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याच्या हातात ही पुस्तिका पडली. तिन्हींत गोष्ट एकच. आणि एकच गोष्ट तीन ठिकाणी दिसली की माणसाला ती पुरावा वाटू लागते.

हे वारे मग खेळापुरते राहिले नाही. १९९३ मध्ये आर्कान्सा राज्यात तीन लहान मुलांचे खून झाले. सैतानपूजेचा संशय घेऊन तीन पोरसवदा तरुणांना पकडले. त्यांतल्या एकाचे काळे कपडे, त्याचे हेवी मेटल संगीत, त्याची वाचायची पुस्तके, हे सगळे खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरले गेले. १९९४ मध्ये शिक्षा झाल्या, एकाला तर देहांताची. ते तिघे बाहेर आले २०११ साली, तेही आपण निर्दोष असल्याचे सांगत कागदोपत्री दोष स्वीकारण्याच्या कायदेशीर तडजोडीने. अठरा वर्षे गेली. आणि विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे हा खेळ जिथे जन्मला त्याच राज्यात, एका तुरुंगाने २००४ मध्ये एका कैद्याकडून या खेळाची पुस्तके आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली ९६ पानी संहिता काढून घेतली. खेळामुळे टोळ्या बनतील, अशी तुरुंगाची भीती होती. अशी एकही घटना घडल्याचे दाखवता आले नाही. तरी २०१० मध्ये वरच्या न्यायालयाने बंदी उचलून धरली. कैद्याने केलेल्या गुन्ह्याची आम्ही वकिली करत नाही. पण भीती पुरेशी मुरली की पुरावा लागत नाही, एवढे या निकालावरून दिसते. शिवाय ज्या लेखकांना वाटते की असली झळ आपल्यापर्यंत येत नाही, त्यांनी लक्षात ठेवावे : तिथे जप्त झाले ते हस्तलिखित होते.

आता आपल्याकडे येऊ. २०१७ च्या जुलै अखेरीस अंधेरीत एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला आणि ‘ब्लू व्हेल’चा भारतातला पहिला बळी म्हणून बातम्या सुरू झाल्या. त्यानंतर देशात कुठेही एखाद्या मुलाने आत्महत्या केली की त्याच्या हातावर माशाची खूण शोधली जाऊ लागली. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिने मुलांचे फोन, संगणक, संभाषणे तपासली. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की तपासलेल्या एकाही घटनेत या खेळाचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. ही बातमी किती वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर दिली? आम्ही तरी ती तेव्हा वाचली नव्हती. आमच्या अंकातली ती कथा लिहिणाऱ्यानेही वाचली नसावी. २०१९ मध्ये राजकोटला पब्जी खेळतात म्हणून पोलिसांनी तरुणांना अटक केली. २०२० च्या सप्टेंबरात तोच खेळ देशभर बंद झाला तो मात्र मुलांच्या काळजीने नव्हे. चीनशी सीमेवर तणाव असताना देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन इतर शंभरावर अॅपबरोबर तो बंद झाला.

मग पालकांची काळजी खोटी आहे का? मुळीच नाही. रात्रभर मोबाइलवर डोळे लावून बसणारी मुले आमच्याही घरांत आहेत. अतिरेकी खेळण्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत केलेली आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी कर्जात बुडालेली तरुण मुले आपण पाहिली आणि त्या खेळांवर २०२५ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. पण यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे. जुगार वेगळा, मोबाइलचे व्यसन वेगळे, मुलाचे नैराश्य वेगळे आणि चार मित्रांनी समोरासमोर बसून गोष्ट रचणे तर त्याहून वेगळे. या सगळ्यांना एकाच पोत्यात घालून वरून ‘खेळाने पोर वाया गेले’ अशी चिठ्ठी लावणे सोपे आहे. लेखकाचे काम ते पोते सोडण्याचे आहे.

इथे आपल्या वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतले धर्मभीरू आईबाप ज्या खेळाला घाबरले त्याच्या पहिल्या पुस्तिकांतच जिन आणि इफ्रीत होते. १९७९ मध्ये, म्हणजे मिशिगनचा तो मुलगा नाहीसा झाला त्याच वर्षी, सूत्रधारासाठी जो ग्रंथ निघाला त्याच्या मुखपृष्ठावर एक अवाढव्य लाल इफ्रीत आहे आणि मलपृष्ठावर पितळी शहर. दोघेही आलेले अलिफ लैलाच्या गावाहून! आपल्या नानी-दादी ज्या गोष्टी सांगून पोरांना झोपवत, ज्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात मराठीत आणायला घेतल्या, त्यांचेच हे नातेवाईक. लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड निघाले. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी ते लिहिले. त्यात अमर अय्यार आहे, त्याची कधीच न भरणारी झोळी आहे, एकेक कुलूप उघडून जिंकायचे मायावी प्रदेश आहेत. दास्तानगो समोरच्यांचा रंग पाहून गोष्ट लांबवी, वळवी. त्या गच्चीवरची चार मुले याहून वेगळे काय करत होती? फरक एवढाच की तिथे ऐकणाराही गोष्टीत हात घालत होता.

आणि भीतीही आपल्याला नवी नाही. १८७० च्या दशकातल्या ‘तौबतुन्नसूह’ या कादंबरीत डेप्युटी नझीर अहमद यांनी एक प्रसंग घातला आहे. पश्चात्ताप झालेला बाप नसूह आपल्या थोरल्या मुलाच्या, कलीमच्या, पुस्तकांना आग लावतो. काव्य आणि किश्श्यांनी मुलगा बिघडला, हे त्याचे निदान. नझीर अहमद मोठे लेखक होते, स्त्रीशिक्षणाचे कैवारी होते, त्यांचे ऋण आम्ही मानतो. पण या प्रसंगात त्यांनी भीतीच्या हातात काडी दिली असे आम्हाला वाटते. पुढे मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये बायकांनी वाचू नयेत अशा पुस्तकांची यादी आली. तीत अलिफ लैला होती, अमीर हमजाची दास्तान होती आणि सुधारणेसाठी लिहिलेल्या नझीर अहमद यांच्या कादंबऱ्यांविषयीही इशारा होता. एवढ्यावर थांबले नाही. त्यांचे ‘उम्महातुल उम्मा’ हे पुस्तक दिल्लीत जाळले गेले. कादंबरीत पेटवलेली काडी लेखकाच्या दारापर्यंत आली. याहून स्पष्ट धडा कोणता हवा?

मग या विषयावर कथा लिहूच नये का? जरूर लिहावी. उलट या भीतीइतका सकस विषय शोधून सापडणार नाही. फक्त गोष्टीचा नायक बदलायला हवा. खेळाने वेडा झालेला मुलगा ही अफवेची गोष्ट. खेळाला घाबरून वेडे झालेले गाव, ही लेखकाची गोष्ट. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या २०२२ मधल्या भागांत हेच केले आहे. काळ १९८६ चा. गावात खून होतात आणि गाव उठते ते हा खेळ खेळणाऱ्या एडी नावाच्या पोरावर. मालिका काही थोर साहित्य नाही. त्यात राक्षस खरेच आहेत. पण माणसांची झुंड कशी जमते हे तिने नेमके पाहिले आहे. जॅफीला जे १९८१ मध्ये दिसले नाही ते एका करमणुकीच्या मालिकेला दिसले.

आणि ज्या खेळाने मुले वाया जाणार होती त्यातून लेखक निघाले, हेही सांगून ठेवतो. जुनो दियास या डॉमिनिकन वंशाच्या लेखकाला २००८ चे पुलित्झर मिळाले. त्याच्या त्या कादंबरीचा नायक असाच खेळ खेळणारा, जाडजूड, एकाकी मुलगा आहे. लहानपणीच्या या खेळाने आपल्याला गोष्ट सांगायला शिकवले, असे दियास सांगतो. सलादीन अहमद हा मिशिगनमधल्या डिअरबॉर्न शहरात वाढलेला अरब-अमेरिकन मुस्लिम लेखक. तोही हे खेळ खेळत मोठा झाला. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या कादंबरीत गूल मारणारा एक म्हातारा, थकलेला, चहाबाज शिकारी आहे. ज्या मिशिगनमधून भीतीची गोष्ट निघाली तिथूनच ही गोष्टही निघाली. अलिफ लैलाचा इफ्रीत खेळात गेला होता, तो एका मुस्लिम मुलाच्या हातून पुन्हा साहित्यात परतला.

तेव्हा आमच्या लेखकमित्रांना आमची विनंती अशी. बातमी वाचून कथा सुचली तर लिहायला बसण्यापूर्वी तीन ठिकाणी जाऊन या. ज्याच्यावर गोष्ट बेतली आहे त्याच्या घरी जा. ज्या वस्तूला दोषी धरले आहे ती स्वतः हातात घेऊन पाहा, खेळ असेल तर खेळून पाहा. आणि बातमीचे पुढे काय झाले ते शोधा, कारण पहिल्या दिवशीचा मथळा आणि सहा महिन्यांनंतरचा अहवाल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. एवढे करूनही गोष्ट तीच राहिली तर खुशाल लिहा. आम्ही छापू. संपादक म्हणून आम्ही स्वतःलाही एक नियम लावून घेतला आहे. कथा वाचून डोळे भरून आले की ती लगेच निवडायची नाही, आधी विचारायचे की हे अश्रू कोणाच्या खर्चाने आले.

गच्चीवरचा तो मुलगा आता मोठा झाला आहे. पुण्यात नोकरी करतो. त्याची वही त्याला परत मिळाली असे त्याच्या अम्मीकडून कळले. या अंकासाठी त्यातले काही द्यावे, म्हणून आम्ही त्याला फोन केला. तो थोडा अडखळला, मग म्हणाला, “आधी तुम्ही तुमचं लिहा. ते छापून आलं की बघू.”

आम्ही लिहिले आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत.